अडीच विसा पन्नास : कँटनीज आणि डॅनिश एकदम शिकताना ठेवलेल्या नोंदी

४ मार्च २०२४, सोमवार

ऑफिसने विचारलंय : वर्षाखेरीस तीन वर्षांसाठी बदली, हाँगकाँग की कोपनहेगन? जहाजावर चढणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं माझं काम दोन्हीकडे इंग्रजीतच चालतं, त्यामुळे भाषेची अट कुठेच नाही. पण तीन वर्षं भाजीवाल्याशी खुणेने बोलायची माझी तयारी नाही. पसंती ५ ऑगस्टपर्यंत कळवायची आहे. तोवर दोन्ही भाषा, हाँगकाँगची कँटनीज आणि कोपनहेगनची डॅनिश, शिकून बघायच्या आणि जी जमेल तिकडे जायचं, असं ठरवलं. नवरा म्हणाला, "हे म्हणजे लग्न ठरवायच्या आधी दोन्ही सासरी राहून बघण्यासारखं झालं." होय, तसंच.

मंगळवारी डॅनिश, तासाला १४०० रुपये, शिक्षक डेन्मार्कमधल्या आरहूसचे. शुक्रवारी कँटनीज, तासाला ९५०, शिक्षिका हाँगकाँगमधल्या काउलूनच्या. ऑफिसातल्या आणखी दोघांपुढे हाच प्रश्न येणार आहे, म्हणून जे घडेल ते लिहून ठेवते.

सुरुवातीलाच अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेची यादी पाहिली. तिच्यात डॅनिश सोप्या गटात आहे, सहा-सातशे तासांचं काम. कँटनीज सर्वांत कठीण गटात, २२०० तास. ही यादी इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेली आहे, हे मी वाचलं आणि पुढे गेले. तिथेच चुकलं.

१५ मार्च

पैसे पाण्यात. गेल्या शनिवारी चिनी अक्षरांच्या कार्डांचा डबा आला होता, ११८० रुपये. रोज लोकलमध्ये काढून बसत होते, चाळीस अक्षरं पाठही झाली. आज बाईंना कॅमेऱ्यासमोर दाखवली तर त्या आधी हसल्या आणि मग ओशाळल्या. कार्डांवरची अक्षरं सोपी केलेली, चीनच्या मुख्य भूमीवर चालणारी. उच्चार मँडरिनचे, म्हणजे तिथल्या राजभाषेचे. हाँगकाँगमध्ये पारंपरिक अक्षरं चालतात. म्हणजे अक्षर अर्धं चुकीचं आणि उच्चार पूर्ण चुकीचा.

दुरुस्ती : खरेदी करताना 'चायनीज' एवढाच शब्द बघू नका. उच्चारलेखनाचं नाव 'ज्युतपिंग' आहे का ते बघा. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ मध्ये केलेली ती पद्धत आहे, सुरांना, म्हणजे अक्षर म्हणतानाच्या आवाजाच्या चढ-उताराला, १ ते ६ आकडे देणारी. पुढे मी कँटनीज शब्द देवनागरीत लिहून शेवटी तोच आकडा देते. डबा पुतणीला दिला, तिने पत्त्यांसारखा पिसला.

१९ मार्च

डॅनिशची पहिली ठेच. शिक्षक म्हणाले, तुमचं 'ब' आम्हाला जड वाटतं आणि 'प' ऐकला की तोच आम्हाला आमचा 'ब' वाटतो. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडलं : डॅनिशच्या या व्यंजनांत घोष (घशात कंप असलेला) आणि अघोष (कंप नसलेला) हा भेदच नाही. त्यांचा 'ब' म्हणजे आपला 'प', आणि त्यांचा 'प' म्हणजे ओठांनी नीट म्हटलेला 'फ', फळातला. द-त आणि ग-क यांचंही तेच.

शुक्रवारी (२२ तारखेला) कँटनीजच्या तासाला पाहिलं तर तिथेही हेच! वहीतले सगळे ग, द, ब खोडून क, त, प केले. 'आभारी आहे'ला मी 'म्४ गॉय१' लिहीत होते, ते 'म्४ कॉय१' झालं. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे पटवायला महिने लागतात म्हणे. आपल्याला क-ख, त-थ, प-फ बालवाडीपासून येतं. यादीतले काही तास इथेच वजा करा.

चहाची गंमत वेगळीच. डॅनिश 'ते' म्हणताना त्यांचा 'त' इतका फुसफुसतो की 'त्स्हे' ऐकू येतं. कँटनीजमध्ये चहा 'त्स्हा४'. दोन टोकांच्या दोन भाषा, आणि चहाची सुरुवात एकाच आवाजाने. आपल्याकडे चाकातला, चुकीतला दंत्य च आहे. त्यात हकार घातला की झालं. मला मात्र हे जमायला दोन आठवडे लागले, कारण दरवेळी जीभ सवयीने 'चहा'तल्या तालव्य 'च'वर जायची.

२ एप्रिल

१४०० रुपये गेले. डॅनिशचा तास तिथल्या संध्याकाळी पाचला, आपल्याकडे रात्री साडेनऊला. आज साडेनऊला बसले तर पडद्यावर कोणी नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे गेली होती. माझा तास साडेआठला सुरू होऊन संपला होता. शिक्षक तासभर वाट बघत बसले होते, पैसे परत मागायला तोंड नव्हतं.

१२ एप्रिल

सुरांची वाट लागली. 'सी' हा एकच आवाज सहा सुरांत : सी१ कविता, सी२ इतिहास, सी३ प्रयत्न, सी४ वेळ, सी५ बाजार, सी६ 'आहे'. एकेकटे म्हटले की सगळे बरोबर. वाक्यात घातले की सगळे एका रांगेत आडवे. आज मासळीबाजाराचा संवाद होता. माय५ म्हणजे विकत घेणे, माय६ म्हणजे विकणे. मी दहा मिनिटं मासे विकत होते. बाई शांतपणे गिऱ्हाईक झाल्या आणि किलोचा भाव विचारू लागल्या.

काय केलं : एकेक सूर घोकणं बंद. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून, रोज सहा जोड्या, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून बाईंच्या आवाजाशेजारी ऐकायच्या. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून फोन बंद केला होता. दहाव्या दिवशी चूक कुठे होते ते बाईंच्या आधी मला कळू लागलं. पेटी शिकलेली असेल तर सूर लवकर बसतात, असं मला आधी वाटायचं. माझी तीन वर्षांची पेटी इथे कामाला आली नाही. इथे ठरलेला स्वर नसतो, शेजारच्या अक्षरापेक्षा वर की खाली एवढंच असतं.

२८ एप्रिल, रविवार

आजचा दिवस डॅनिश आकड्यांचा. एकोणपन्नासपर्यंत ठीक, पुढे सगळे शिकणारे रडतात. पन्नासला 'हॅल्ट्रेस', साठला 'ट्रेस', सत्तरला 'हॅल्फ्येर्स', ऐंशीला 'फिर्स', नव्वदला 'हॅल्फेम्स'. तीन आठवडे नुसते घोकले, तीन आठवडे चुकले. मग शब्दाची मूळ फोड शोधली. 'हॅल्ट्रेस' हे एका लांब शब्दाचं आखूड रूप आहे, अर्थ 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. म्हणजे अडीच.

अडीच! आपला 'अडीच' तरी कुठून आला? 'अर्धतृतीय'मधून. अगदी तीच कल्पना, तोच हिशेब. अडीच विसा पन्नास.

आजोबांना फोन केला. वय ८६, वाईला असतात. म्हटलं, सत्तरला डॅनिश लोक 'अर्धा-चौथा वेळा वीस' म्हणतात. ते लगेच म्हणाले, "म्हणजे औट की गं. औटकी शिकला नाहीत तुम्ही?" साडेतीनचा पाढा त्यांनी फोनवरच सुरू केला. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... मी मधे 'बरं' म्हटलं तरी थांबेनात, विसाला पोचून 'सत्तर' म्हणाले तेव्हाच श्वास घेतला. औट म्हणजे अर्धचतुर्थ. वीस औट सत्तर. हॅल्फ्येर्स. नव्वद मग साडेचार विसा. वर म्हणाले, "बाजारात म्हाताऱ्या विसांनीच मोजायच्या. तुझ्या डॅनिश लोकांनी नवीन काय केलं?"

त्यानंतर एकही दशक चुकलेलं नाही. शिवाय डॅनिशमध्ये एकक आधी येतो, पंचावन्न म्हणजे 'पाच आणि हॅल्ट्रेस'. आपण तर 'पंचावन्न'च म्हणतो. तिकडे फोन नंबर आठ आकडी, दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. त्यामुळे हे जमलं नाही तर कोणाचा नंबरही लिहून घेता येत नाही. डॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला माझा एकच सल्ला : इंग्रजी पुस्तकातला आकड्यांचा धडा वगळा, आजोबांना फोन करा.

कँटनीज आकड्यांवर लिहिण्यासारखं फार नाही. पंचावन्न म्हणजे 'पाच-दहा-पाच', तासाभरात शंभरपर्यंत झाले. अडचण वर आहे : ते दहा हजारांनी मोजतात. लाख म्हणजे दहा 'मान्६'. घरभाड्याचे आकडे ऐकताना अजूनही बोटं मोजते.

१० मे

दोन चुका, दोन्ही शब्दाच्या शेवटाच्या.

पहिली : दहाला 'सप्६'. मी म्हटलं की बाईंना दोन अक्षरं ऐकू यायची, 'सप-अ'. कँटनीजमध्ये शेवटचे प्, त्, क् उच्चारून सोडत नाहीत, तोंड बंद करून तिथेच थांबतात. दोन आठवडे जमेना. मग सापडलं : 'बाप्पा' म्हणायला लागायचं आणि मधल्या जोड 'प्प'वर थांबायचं. ओठ मिटलेले, पुढचं 'पा' गिळायचं. 'त्'साठी 'पत्ता', 'क्'साठी 'चक्का'. ही युक्ती मी बाईंना शिकवली, त्यांना 'बाप्पा' फार आवडलं.

दुसरी : प्रश्न विचारताना आवाज चढवायची सवय. आपण 'साखर?' म्हणताना शेवट वर नेतो. कँटनीजमध्ये साखर म्हणजे थॉङ४. तिचा शेवट वर नेला की होते थॉङ२, म्हणजे चघळायची गोळी. सपाट वर धरला तर थॉङ१, सूप. चहात काय घालू, असं विचारताना मी गोळ्या घालायला निघाले होते. प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी वेगळा छोटा शब्द लागतो, सुराला हात लावायचा नाही. हे कळल्यावर सोपं झालं, कारण आपणही 'ना', 'का', 'की', 'हं' चिकटवतोच. 'येतेस ना', 'येतेस का', 'ये की', 'ये हं' यांतला फरक ज्याला आईच्या आवाजातून कळलाय, त्याला कँटनीजचं शेपूट परकं वाटत नाही.

१४ मे

डॅनिशमध्ये फसवणूक झाल्यासारखं वाटतंय. दहा आठवड्यांत मी छोटी बातमी वाचू शकते. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, ते, सगळ्यांना एकच रूप. लिंगं दोनच, आपल्या तीनपेक्षा एक कमी. नामाच्या शेवटी शेपूट लावलं की 'तो विशिष्ट' असा अर्थ होतो : घर 'हूस', ते घर 'हूसद'. लिंग वेगळं पाठ करू नका, शेपटासकटच शब्द पाठ करा. मी आधी सुटे शब्द पाठ केले आणि दीडशे शब्द पुन्हा करावे लागले.

पण आज शिक्षकांनी नेहमीच्या वेगाने एक वाक्य म्हटलं. मला ऐकू आलं 'वॅस्कवीलॅयाफ्टन'. पाच वेळा ऐकलं, पाच वेळा तेच. लिहून दाखवलं तर त्यात सहा शब्द होते आणि सगळे मला येत होते : आज रात्री आपण काय करायचं? कागदावर अक्षरं उभी असतात, तोंडात गेली की अर्धी विरघळतात. शब्दाच्या शेवटचा 'द' जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून म्हणतात, आपल्या कानाला तो 'ल' वाटतो. 'मेद' ऐकू येतं 'मेल'. लाल फळांची खीर आणि साय यांचं एक वाक्य परदेशी माणसाकडून म्हणवून घेऊन हसायची तिथे रीत आहे, त्यात असले 'द' ओळीने येतात. माझ्यावरही हसून झालं.

कँटनीजमध्ये उलट. महिनाभर भीती वाटली, पण प्रत्येक अक्षर वेगळं, मोजून टाकलेल्या पावलासारखं. शब्द येत असेल तर तो ऐकू येतो. डॅनिशमध्ये येणारा शब्दही ऐकू येत नाही.

दुरुस्ती : डॅनिश रेडिओचे पंधरा सेकंदांचे तुकडे करून ऐकेल तसं लिहायचं, मग लिखित मजकुराशी ताडायचं. डॅनिश शब्दकोशाच्या संकेतस्थळावर बहुतेक शब्दांचे उच्चार ऐकता येतात, फुकट. हे मी पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. वाचता येतंय या आनंदात दहा आठवडे गेले.

२ जून

दोन्ही भाषा एकाच संध्याकाळी करणं बंद. काल डॅनिश वाक्य सुरांत म्हटलं आणि कँटनीज वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी खेचलं. डॅनिशमध्ये क्रियापद दुसऱ्या क्रमांकावर खिळ्यासारखं ठोकलेलं असतं, 'आज खाते मी भात'. आपलं शेवटी. मी 'आज मी खाते भात' म्हणते आणि दरवेळी कापली जाते. आता विषम तारखांना डॅनिश, सम तारखांना कँटनीज, पन्नास मिनिटं. महिनाअखेर ३१ आली की सुट्टी.

२१ जून

बाईंनी जन्मदिवसाचं एक छोटं चित्र मेल केलं. मी म्हटलं, 'म्४ कॉय१'. त्या म्हणाल्या, हे बसमध्ये जागा दिल्यावर. भेट मिळाली की 'तॉ१ चे६'. कोणी काम केलं, दार धरलं, चहा आणून ठेवला की पहिला शब्द. वस्तू दिली, जेवू घातलं की दुसरा. वेटरला हाक मारायलाही पहिलाच. साडेतीन महिने मी सगळ्यांना दार धरल्याचे आभार देत होते.

डॅनिशमध्ये उलटी तऱ्हा. 'कृपया'ला सरळ शब्दच नाही, पण आभाराचा 'टक्' प्रत्येक गोष्टीला : जेवणाबद्दल टक्, मागच्या भेटीबद्दल टक्, आजच्या तासाबद्दल टक्. आणि सगळ्यांना एकेरी 'दू'. साहेबालाही. माझ्या तोंडून अजून निघत नाही, 'अहो' जीभ सोडत नाही. कँटनीजमध्येही 'तू'ला एकच शब्द, पण तिथे आडनावापुढे पदवी लावून आदर राखतात. दुकानदार अनोळखी बाईला 'सुंदर मुली' म्हणून हाक मारतात, वय काहीही असो. आपल्या 'ताई'सारखं, जरा जास्त उदार.

नाती मात्र दोन्हीकडे आपल्यासारखी नीट वेगळी. डॅनिशमध्ये 'मोस्टर' मावशी, 'फास्टर' आत्या. आईची आई वेगळी, वडिलांची आई वेगळी. कँटनीज त्याहून बारीक : वडिलांची मोठी बहीण कू१ मा१, धाकटी कू१ चे१. इंग्रजी पुस्तकं या धड्यावर तक्ता काढून बसतात. मी पाच मिनिटांत पुढे गेले.

९ जुलै

डॅनिशमध्ये काही अक्षरांवर घसा क्षणभर आवळतात, त्याला 'स्तॉद' म्हणतात. 'हुन' म्हणजे ती. तोच शब्द घसा आवळून म्हटला की कुत्रा. तसंच 'मोर' आई, आवळून म्हटलं की खून. चार महिने माझी आई आणि खून एकच होते. आपण मान हलवून 'अं-अं' असं नाही म्हणतो ना, त्यात मधे घसा बंद होतो, तीच जागा. पण खरी मदत झाली कँटनीजच्या चौथ्या सुराची. तो इतका खाली जातो की शेवटी आवाज करकरतो. ती करकर उचलून 'हुन'वर ठेवली आणि शिक्षक म्हणाले, "हा, कुत्रा!" दोन भाषा एकदम शिकण्याचा चार महिन्यांतला हा एकमेव फायदा.

१४ जुलै

माझगावला जाऊन आले, डॉकयार्ड रोडजवळच्या चिनी देवळात. सी यिप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातले चार परगणे, तिथून आलेल्या लोकांचं देऊळ. त्यांची बोली कँटनीजची चुलत बहीण. भिंतीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, नऊ ओळखली आणि अर्थ एकाही ओळीचा लागला नाही. इथेच कँटनीजचा खरा डोंगर आहे. अक्षरं तर आहेतच, शिवाय हाँगकाँगमध्ये बोलतात एक आणि औपचारिक लिहितात दुसरं. बोलताना 'आहे'ला 'है६', लिहिताना 'सी६'. वाचायचं ठरवलं तर जवळजवळ दुसरी भाषा शिकावी लागते. डॅनिशमध्ये वर्तमानपत्र तिसऱ्या महिन्यात, इथे जेवणाचं कार्ड पाचव्या महिन्यातही नाही.

२ ऑगस्ट

दोन्ही शिक्षकांना सांगून स्वतःची परीक्षा घेतली. नेहमीच्या वेगातला एक मिनिटाचा संवाद : कँटनीज निम्म्याहून जास्त कळला, डॅनिशमधले सुटे शब्द आणि दोन आकडे. वाचन : डॅनिश हवामानाची बातमी शब्दकोशाशिवाय जवळपास पूर्ण. हाँगकाँगच्या चहा-टपरीच्या कार्डावरच्या चाळीस पदार्थांपैकी अकरा. बोलणं : बाईंना माझं सगळं कळतं, पण मासे मी अजून अधूनमधून विकते. आरहूसचे शिक्षक दुसऱ्यांदा ऐकल्यावर समजतात.

खर्च : कँटनीजचे वीस तास १९,०००. डॅनिशचे वीस २८,०००, त्यातला एक घड्याळाला वाहिलेला. डॅनिश पुस्तक २३५०. कार्डांचा डबा ११८०. एकूण ५०,५३० रुपये. घरचा अभ्यास धरून दोन्हींना मिळून दीडशे तासांच्या आत.

५ ऑगस्ट, सोमवार

फॉर्मवर हाँगकाँग लिहिलं.

मागून येणाऱ्या दोघांसाठी कारण : मला तीन वर्षं बोलायचंय, कायमचं राहायचं नाही. बोलण्यापुरती कँटनीज आपल्या कानाला लवकर लागते. तिथे सात वर्षांनी कायम राहायचा हक्क मिळतो, त्यालाही भाषेची परीक्षा नाही. डेन्मार्कला स्थायिक व्हायचं असेल तर मात्र डॅनिशच घ्या. नागरिकत्वाला भाषेची परीक्षा लागते, आणि कागदावरची डॅनिश खरंच सोपी आहे. फक्त कान पहिल्या दिवसापासून लावा, माझ्यासारखं मे महिन्यापर्यंत थांबू नका. डॅनिश पुस्तक माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे, ज्याला हवं त्याने न्यावं. आकड्यांच्या पानावर आजोबांची औटकी लिहिलेली आहे, ती खोडू नये.

आरहूसच्या शिक्षकांना उद्या शेवटच्या तासाला सांगायचंय, 'आजच्याबद्दल टक्'. कँटनीजचे तास आता आठवड्याला दोन, रात्री आठला, तिकडे साडेदहा. हाँगकाँगमध्ये घड्याळं पुढेमागे करत नाहीत. दोनदा तपासून घेतलंय.